मालगाडीचे बारा तास

आमच्या घरात एक हिशेब पंचावन्न वर्षांपेक्षा जास्त काळ लागत नव्हता. पैशांचा नव्हे, तासांचा. १९६९ च्या आषाढात, एकादशीनंतरच्या रात्री, माझे आजोबा बारा तास कुठं होते?

हा प्रश्न अस्तित्वात आहे हेच मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तुमच्याही घरात असे एक-दोन प्रश्न असतील बघा, सगळ्यांना माहीत असलेले आणि कुणीच न विचारलेले. आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पॉडकास्ट ऐकत अख्ख्या जगाचे प्रश्न सोडवत असतो, आणि घरातल्या कपाटावर मात्र एक ट्रंक तशीच पडून असते.

आमच्याकडे ती खरोखरच ट्रंक होती. पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव आणि खाली ‘गार्ड, कुर्डुवाडी’. कुर्डुवाडीचं घर विकायचं ठरलं आणि सामान आवरायला मला पाठवण्यात आलं. कारण उघड आहे. मी फ्रीलान्सर. म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी.

ट्रंकेत एक तिरंगी बत्ती निघाली, म्हणजे एकाच कंदिलात लाल, हिरवी आणि पांढरी काच फिरवायची सोय असते ती. एक शिट्टी, विरलेले दोन झेंडे, पॉकेट डायऱ्यांचा रबर लावलेला गठ्ठा, आणि एक लांबट, जाड, पिवळं पडलेलं पुस्तक. वर लिहिलेलं, वर्किंग टाइम टेबल. खाली तंबी: फक्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी. छपाई १९६८ ची.

माझ्यातली पत्रकार लगेच जागी झाली. ‘वाफेच्या जमान्यातलं गुप्त टाइमटेबल!’ हेडिंगसुद्धा सुचलं. चहा पीत पायरीवर बसलेल्या आजीला मी उत्साहानं ते पुस्तक दाखवलं. आजीनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, “टाक ते रद्दीत.”

आजी रिकामी पावडरची डबीसुद्धा रद्दीत टाकत नाही. त्यामुळे मी पुस्तक बॅगेत टाकलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

---

आधी हे पुस्तक म्हणजे काय ते सांगते, कारण स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळायचं ते टाइमटेबल वेगळं. त्यात फक्त आपल्या, म्हणजे बसून जाणाऱ्या माणसांच्या गाड्या असतात. वर्किंग टाइम टेबलमध्ये सगळं असतं. मालगाड्या, कुठली गाडी कुठल्या स्टेशनात न थांबता किती वाजता पार होणार, एकेरी लाइनवर कोण कुणासाठी कुठं थांबणार, कुठं चढ आहे, कुठं वेग कमी करायचा, इंजिनानं किती वजन ओढायचं. ड्यूटीवरच्या गार्डजवळ ते असलंच पाहिजे असा नियम. मी माझ्या रूममेटला, ती आयटीत आहे, हे समजावलं तर ती म्हणाली, “म्हणजे साधं टाइमटेबल हे फ्रंट एंड आणि हे बॅक एंड.” अगदी बरोबर.

आणि ही लाइन कुठली? बार्शी लाइट. लातूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ या भागातलं कुणी तुमच्या ऑफिसात असेल तर त्यांच्या आई-वडिलांना विचारा. चेहरे खुलतात.

गोष्ट सुरू होते ती कापसापासून. पुण्याहून निघालेली मोठी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शीला बाजूला ठेवून. बार्शी म्हणजे तेव्हा कापसाची मोठी पेठ, आणि स्टेशन तिच्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर. त्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं, आजची कुर्डुवाडी. गाठोडी बैलगाडीनं आणायची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे पाहिलं आणि इथं एक स्वस्त, अरुंद लाइन टाकायचं डोक्यात घेतलं. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. लोकांना वाटलं, खेळण्यातली गाडी. पण त्याचं गणित पक्कं होतं. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग हलके रूळ चालतात, हलके पूल चालतात, खर्च निम्म्यावर येतो. इंजिन दणकट हवं असेल तर वजन वाढवायचं नाही, चाकं वाढवायची.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये तेव्हाच्या निजामाच्या मुलखात लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती ताब्यात घेतली. आजोबा लागले ते त्यानंतर चार वर्षांनी.

हा कॅल्थ्रॉप भन्नाट माणूस होता हो. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. मधल्या काळात त्यानं इंग्लंडच्या डोंगराळ भागात बार्शीच्याच मापाची आणखी एक लाइन उभारली, लीक अँड मॅनिफोल्ड. तिच्यावरचा मुख्य माल म्हणजे दूध. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. आता तिच्या जागेवर लोक सायकली चालवतात. ब्रिटनमध्ये जुन्या वर्किंग टाइम टेबलवरून बंद पडलेल्या मालगाड्यांचे मार्ग शोधणारे हौशी लोक भरपूर आहेत. कोळशाची कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती मिनिटं थांबायची यावर त्यांची संध्याकाळ जाते. मला आधी हसू आलं होतं. नंतर तीन महिने मी तेच केलं.

---

आजीनं त्या दिवशी पायरीवर जे सांगितलं ते असं.

माझ्या बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पावणेदोन वर्षांची. आजी तिला अजूनही फक्त ‘बाळी’ म्हणते. त्या आषाढात बाळीला दोन दिवस ताप होता. आजोबा मालगाडी घेऊन पंढरपूरला गेले होते आणि परतीच्या मालगाडीनं संध्याकाळी सातच्या आत येतो म्हणून सांगून गेले होते. संध्याकाळी ताप चढला. शेजारच्या क्वार्टरमधल्या फायरमननं स्टेशनात जाऊन, फोनवरून पुढं निरोप धाडायला सांगितला. रात्री उशिरा आजीची आई पंढरपूरहून परतली, ती वारीला गेली होती. पहाटे चारच्या सुमारास बाळी गेली, आजीच्या आईच्या मांडीवर.

आजोबा सकाळी आले. सहा वाजून गेले होते.

“त्या फायरमननं मला नंतर सांगितलं,” आजी म्हणाली, “की ह्यांची गाडी मोडनिंबला उभी होती. रात्रभर. मोडनिंब म्हणजे काय लांब आहे का गं? पंचवीस किलोमीटर. आन् इकडं रात्रभर यात्रेच्या गाड्या येत होत्या कुर्डुवाडीला. टपावर माणसं बसून येत होती. ह्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या असतील. त्यातल्या एकीत चढून यायला काय झालं होतं?”

“तू विचारलं नाहीस?”

“आमच्या वेळेला असं विचारत नव्हते, बाई.”

“आणि त्यांनी सांगितलं नाही?”

“ते काय सांगणारं माणूस होतं का?”

आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या आठवणीत ते म्हणजे अंगणातली खुर्ची, रेडिओ आणि कुठलीही गाडी वाजली की घड्याळाकडे बघणं. एवढंच. पस्तीस वर्षं या बाईनं त्यांना जेवायला वाढलं, त्यांच्या धोतराला इस्त्री केली, आणि मनात हा प्रश्न तसाच ठेवला. तिला फक्त त्यांनी न येणं डाचत नव्हतं. बोलता बोलता ती हळूच म्हणाली की मोडनिंबला कुणाचं तरी घर होतं, तिथं पत्ते चालायचे, असं लोक म्हणायचे.

मी पुण्याला परतले ती हे घेऊनच. खरं सांगू? मला लेख नको होता तेव्हा. मला आजोबा निर्दोष हवे होते.

---

वर्किंग टाइम टेबल वाचणं सोपं नाही. पान आडवं धरायचं. डाव्या बाजूला स्टेशनांची नावं एकाखाली एक, कुर्डुवाडी वर, पंढरपूर खाली, आणि मधली बारकी स्टेशनं. वर गाड्यांचे नंबर. प्रत्येक गाडीचा एक उभा रकाना. दुसऱ्या दिशेची गाडी असेल तर पान खालून वर वाचायचं. पहिल्या आठवड्यात माझी मान दुखायला लागली.

मग रूममेटनं एक्सेल उघडलं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर किलोमीटर. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. आम्हाला वाटलं आम्ही काहीतरी भारी शोधून काढलं, नंतर कळलं की रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात हे असंच काढायची पद्धत फार जुनी आहे. दोन विरुद्ध रेघा एकमेकींना छेदतात तिथं स्टेशन हवंच. कारण लाइन एकेरी आहे, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरासमोरच्या गाड्यांपैकी एकीला कुठंतरी बाजूला उभं राहावंच लागतं.

आणि त्या एका आलेखात मला आजोबांचं सगळं आयुष्य दिसलं म्हटलं तरी चालेल. पॅसेंजर गाडीची रेघ उतरत्या छपरासारखी सरळ जाते. मालगाडीची रेघ जिन्यासारखी. थोडी चढते, मग आडवी. पुन्हा थोडी चढते, पुन्हा आडवी. आडवी म्हणजे उभी आहे. पॅसेंजर येते म्हणून उभी, मिक्स्ड येते म्हणून उभी, इंजिनाला पाणी घ्यायचं म्हणून उभी. सगळ्यात कमी मान तिचा. ऑफिसात नवीन लागलेल्या ट्रेनीसारखं, येणारा-जाणारा कुणीही पुढं जाणार.

माल तरी केवढा जायचा या लाइनवरून! लातूर-बार्शीकडून शेंगा, तूरडाळ, सरकी, कापूस. मिरजेच्या बाजूनं हळद, गूळ. आणि दोन्ही टोकांना तो हातानं उतरवायचा, कारण कुर्डुवाडीला मोठ्या रुळांची लाइन आणि मिरजेला तेव्हा मीटर गेज. अडीच फुटी वाघीण यातल्या कशावरच चढत नाही. हमालांनी पोतं पाठीवर घ्यायचं, चार पावलं चालायचं, समोरच्या वाघिणीत टाकायचं. आजोबांच्या डायरीत पानोपानी याचेच आकडे आहेत.

पण त्या रात्रीचं काय? टाइमटेबल स्पष्ट होतं. परतीची मालगाडी दुपारी पंढरपूरहून सुटायची, मोडनिंबला एका पॅसेंजरला वाट द्यायची, आणि संध्याकाळी सातच्या आत कुर्डुवाडीत. त्यानंतर माझ्या आलेखावर रात्र कोरी होती. एकही रेघ नाही. म्हणजे मालगाडीला मोडनिंबला अडवायला त्या रात्री कुणी नव्हतंच, असं पुस्तक म्हणत होतं.

मी लॅपटॉप मिटला. तीन महिन्यांच्या मेहनतीनं मी आजीची शंका पुराव्यानिशी पक्की केली होती.

---

शहाणी माणसं अशा वेळी थांबतात. मी कुर्डुवाडीला गेले. पुण्याहून आता ते सोपं आहे, सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात. छोटी गाडी आता नाही. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळी लाइन टप्प्याटप्प्यानं मोठी झाली, लातूरकडचा रस्ता तर येडशीहून वळवून उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून नेला. पुण्यात नोकरी करणारी लातूरची मंडळी रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडून घरी जातात ती याच मार्गानं. छोट्या गाडीची माणसं मात्र अजून आहेत. चहाच्या टपरीवर दोनदा आजोबांचं नाव सांगितलं आणि एका रिटायर्ड ड्रायव्हरकाकांच्या ओसरीवर पोचले. वय ऐंशीच्या पुढं, तब्येत काटक.

मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो कौतुकानं बघितला. मग विचारलं, “हे कधीचं म्हणालीस?”

“आषाढातलं. एकादशीच्या दुसऱ्या दिवसाचं.”

काका माझ्याकडे असे बघत राहिले की माझी मास कम्युनिकेशनची डिग्री मला परत करावीशी वाटली.

“अगं बाळ, यात्रेच्या दिवसांत हे पुस्तक कशाला बघतेस? यात्रा स्पेशल ह्यात नसतात. त्यांचा कागद वेगळा निघतो. रात्रभर गाड्या सोडायचो आम्ही. भरलेली कुर्डुवाडीला गेली की रिकामी परत पंढरपूरला. आन् माल? माल साइडिंगला. कुणी विचारत नसे मालाला.”

माझा कोरा आलेख कोरा नव्हता. मी चुकीच्या कागदावर रात्र शोधत होते.

तेव्हा मला डायरी आठवली. त्या तारखेचं पान मी आधी बघितलं होतं, पण त्यावर बारीक पेन्सिलीनं नुसत्या वेळा होत्या आणि पुढं एकेक अक्षर. ‘१९.२० भ’. ‘२०.०५ रि’. अशा अकरा ओळी. मला वाटलेलं, कसला तरी किरकोळ हिशेब. पत्त्यांचा असेल, अशीही भीती वाटली होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. बॅगेतून काढून काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि हसले.

“भ म्हणजे भरलेली. रि म्हणजे रिकामी. प्रत्येक गाडी लिहून ठेवलीय की गड्यानं!”

“ते तिथं नेमके काय करत असतील?”

“काय करणार? गाडी आली की खाली उतरायचं, हिरवी बत्ती दाखवायची. उभ्या गाडीच्या गार्डनं जाणाऱ्या गाडीकडे बघायचं असतं, काही लोंबतंय का, काही पेटलंय का. सगळं ठीक असेल तर हिरवं. मग पुढची येईपर्यंत बसायचं डब्यात.”

“एखाद्या गाडीत चढून निघून जाता आलं असतं?”

काका हसायचे थांबले. “गार्ड गाडी सोडून जात नसतो. मालाला सील असतं, ब्रेक त्याच्या हातात. दुसरा गार्ड आला तरच. आन् त्या रात्री दुसरा कुठला? सगळे यात्रेवर.” थोडं थांबून ते म्हणाले, “पण पाय होतेच की त्याला. कुणी बांधून नव्हतं ठेवलं.”

मग त्यांनी डायरी पुन्हा डोळ्यांजवळ नेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अकरा ओळींत न बसणारी, मधेच तिरकी लिहिलेली ओळ. मी ती आधी एखादं स्टेशन समजले होते.

‘२२.१० कु. निरोप. बाळी.’

तिच्या खाली, ‘२२.५५ भ’.

---

मी त्या संध्याकाळी मोडनिंबला गेले. एसटीनं. स्टेशन आता मोठ्या लाइनचं, वर विजेच्या तारा. मी कुठं उभं राहायचं ते ठरवून आले होते, पण साइडिंग कुठं असेल ते काही कळलं नाही. एक म्हैस रुळांपलीकडे निवांत चरत होती. अर्ध्या तासानं एक मालगाडी आली, थांबली नाही, गेली. शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या हातात झेंडा होता. जानेवारी २०२२ पासून रेल्वेनं गार्ड हे नाव बदललंय, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. आजोबा असते तर आमच्या खानदानातले पहिले मॅनेजर ठरले असते.

तिथं बसल्यावर आणखी एक आठवलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, ‘जलदूत’. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा कॉलेजला होते आणि ती बातमी स्क्रोल करून पुढं गेले होते. मिरज, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ रुंद झाले, पण वाट जवळपास तीच. ती गाडी याच स्टेशनातून गेली असणार, आणि त्या वेळी बाकीच्या गाड्या बाजूला उभ्या राहिल्या असतील अशी माझी कल्पना. मालगाडीला कधीतरी मान मिळाला असावा एवढंच मला वाटत होतं.

खरा प्रश्न परतीच्या एसटीत सुरू झाला. आजीला २२.१० ची ओळ सांगायची का?

बाकी सगळं सांगणं सोपं होतं. पत्ते नव्हते, कुणाचं घर नव्हतं, माणूस रात्रभर जागेवर होता. आजीचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. पण तिला नेहमी एक अंधुक आधार होता की निरोप पोचलाच नसेल. तो आधार माझ्या पिशवीतल्या पेन्सिलीच्या ओळीनं जाणार होता. निरोप पोचला होता. आणि निरोप पोचल्यावर पंचेचाळीस मिनिटांनी कुर्डुवाडीला जाणारी भरलेली गाडी त्यांच्यासमोर आली होती. त्यांनी तिला हिरवी बत्ती दाखवली आणि वेळ लिहून ठेवली.

बाबांना फोन केला तर ते म्हणाले, “नको सांगूस. आता काय उपयोग?” रूममेट म्हणाली, “तिचा डेटा आहे, तिला दे.” मी चार दिवस काढले. मग रविवारी दुपारी हडपसरला बाबांच्या घरी गेले, आजी तुळशीची माळ हातात घेऊन टीव्हीसमोर बसली होती, तिला म्हटलं, टीव्ही बंद कर.

मी काही समजावून सांगितलं नाही. फक्त भ आणि रि म्हणजे काय ते सांगितलं आणि वाचत गेले. ‘१९.२० भ. २०.०५ रि. २०.५० भ. २१.४० रि.’ आजीनं डोळे मिटले होते. बोटं माळेवर थांबली होती.

“२२.१०,” मी म्हटलं. “कु. निरोप. बाळी.”

ती काही बोलली नाही. बराच वेळ. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“पोचला होता तर,” आजी म्हणाली.

“हो.”

“त्याच्यापुढं?”

“२२.५५ भ.”

आजीनं डोळे उघडले. “म्हणजे किती?”

“अकराला पाच कमी.”

“मोडनिंबहून यायला तास-सव्वा तास लागायचा छोट्या गाडीला.” ती स्वतःशीच हिशेब करत होती. माझ्या एक्सेलपेक्षा कितीतरी लवकर. “मग क्वार्टरपर्यंत चालत यायचं. आई साडेबाराला आली होती. मी घड्याळ बघितलं होतं.”

हे मला सुचलंच नव्हतं. आई वारीहून रात्री आली, हे आजीनं मला पायरीवर सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, डायरी माझ्याकडे होती, आलेख माझ्याकडे होता. तीन महिने. आणि मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

“आई त्या गाडीत होती,” आजी म्हणाली. “ह्यांना माहीत होतं का?”

“ते नाही लिहिलेलं.”

“हिरवी बत्ती दाखवली म्हणतेस?”

“काका म्हणाले, दाखवायचीच असते.”

तिनं मला बत्ती आणायला सांगितली. मी ट्रंकेतून आणली होती, पुसून शेल्फवर ठेवली होती, शोपीस म्हणून. आजीनं ती मांडीवर घेतली, वरचं बोंड फिरवून हिरवी काच पुढं आणली, तिला ते बरोबर जमलं. काचेला एक तडा आहे. त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

“तरी यायला हवं होतं,” ती म्हणाली.

मी डायरी मिटायला लागले.

“थांब,” आजी म्हणाली. “अजून किती राहिल्यात?”

“सहा. मग ०४.३५ सुटलो. कुर्डुवाडी ०६.१०.”

“वाच,” ती म्हणाली. “एकेक वाच. सावकाश.”